सावलीसुद्धा छापली होती

दिवाळीच्या आधीचा शनिवार. कोथरूडच्या प्रदर्शनात माझ्या हाताने बनवलेल्या शुभेच्छा कार्डांचा स्टॉल होता. एक काकू कार्डं बघत बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, एकशेवीस? हेच कार्ड मी पंचवीसला घेतलंय." त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. माझाच आकाशकंदील होता.

हातात घेतल्यावर कळलं. माझ्या कार्डावर कंदील वेगळा कापून, खाली फोम टेप लावून उचललेला असतो. त्यांच्या हातातलं कार्ड मात्र सपाट होतं. तरी कंदिलाच्या डाव्या बाजूला करडी सावली दिसत होती. मी सकाळी उजवीकडच्या खिडकीच्या उजेडात फोटो काढते, त्याची ती सावली. कुणीतरी माझा फोटोच छापला होता. उजव्या कोपऱ्यात खाली मी वॉटरमार्क म्हणून टाकलेलं माझं नाव तेवढं कापून टाकलं होतं. दोन बोटं रुंदीची पट्टी, बस.

मला रडूच आलं. तो कंदील मी खोडरबरावर ठसा म्हणून कोरलाय. झिरमिळ्या कोरायलाच दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

रात्री मावसभावाकडे गेले. तो वकील आहे. त्याने दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, यातलं तुझं काय काय आहे?"

मी म्हटलं, सगळंच. पण ते खरं नव्हतं. कंदिलाभोवतीची फुलं बोहरी आळीतून आणलेल्या विकतच्या ठशाची होती. त्या फुलांचं चित्र ठसा बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं. अशा बऱ्याच कंपन्यांची 'एंजल पॉलिसी' असते: हाताने ठसा उमटवून केलेली कार्डं विका, पण त्यांची छपाई किंवा झेरॉक्स करून विकू नका. काही कंपन्या आपलं नाव द्यायलाही सांगतात. माझ्या ठशाच्या पाकिटामागे तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते कधीच दिलं नव्हतं. माझं नाव कापलं म्हणून मी रडत होते, आणि फुलं काढणाऱ्याचं नाव मीच गाळलं होतं. हे मला फार लागलं.

कंदील मात्र माझा, फोटोही माझा. भाऊ म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढलं त्या क्षणापासून हक्क मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तो आयुष्यभर आणि नंतर ६० वर्षं राहतो. (आकाशकंदिलाची कल्पना मात्र कुणाच्याच मालकीची नाही, माझं कार्ड छापणाराही कंदील काढू शकतो, स्वतःचा.) २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाणूनबुजून असं नाव काढून टाकणं हा वेगळा गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तोवर मला वाटायचं, वॉटरमार्क म्हणजे नुसता शोभेचा शिक्का.

काकूंनी विक्रेत्याचं ऑनलाइन पान दाखवलं होतं. त्या साइटला लेखी तक्रार पाठवली. सोबत मूळ, न कापलेला फोटो आणि शाई लागलेल्या खोडरबराचा फोटो. तक्रारीत फक्त कंदील आणि फोटो माझा असं लिहिलं, फुलांचा दावा केला नाही. नियमाप्रमाणे तक्रार आल्यावर साइटला ३६ तासांत मजकूर झाकावा लागतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो. ते दिवस मी मोजत होते. सुदैवाने विक्रेत्यानेच उरलेला गठ्ठा विकणार नाही असं लिहून दिलं.

ठसा कंपनीलाही कळवलं, आणि माझ्या जुन्या सगळ्या फोटोंखाली त्यांचं नाव घातलं. त्यात पूर्ण रविवार गेला.

आता वॉटरमार्क कोपऱ्यात नसतो. फिकट अक्षरात कंदिलाच्या पोटावरून तिरका जातो, कापायचा तर कंदीलच कापावा लागेल. एम्बॉसिंगची, म्हणजे उठावदार शाईची, चमक त्याने थोडी झाकली जाते, याचं वाईट वाटतं.

काकूंनी ते छापील कार्ड मला देऊन टाकलं. स्टॉलवर मी ते माझ्या कार्डाशेजारी ठेवते. किंमत विचारणाऱ्यांना म्हणते, आधी दोन्हींवरून बोट फिरवा.