कार्डिओग्रामवाला टी-शर्ट

गेल्या महिन्यात एका रविवारी ताईचा मुलगा नेरूळहून आमच्याकडे ठाण्याला नौपाड्यात जेवायला आला. काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघांचा डोंगर, बाकी एक अक्षर नाही. आई ताटं घेत होती ती थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "हा कुणाचा कार्डिओग्राम छातीवर घेऊन फिरतोयस रे?" भाचा म्हणाला, "आजी, डिझाइन आहे ते." मी म्हटलं डिझाइन नाही रे बाबा, बँड आहे. तर म्हणतो, "अच्छा? मला वाटलं ब्रँड आहे."

घ्या. गावदेवीच्या बाजूला फुटपाथवर अडीचशे सांगितला, दोनशेत घेतला, आणि आत्ता कळतंय की आपण मँचेस्टरचा बँड अंगावर घालून फिरतोय. त्याची चूक नाही म्हणा. जॉय डिव्हिजनच्या १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’चं कव्हर आहे ते आणि मूळ कव्हरवरच पुढच्या बाजूला ना बँडचं नाव होतं ना अल्बमचं, मग फुटपाथवाला कुठून छापणार. आईचा अंदाजसुद्धा फार लांब नव्हता, ठोकेच आहेत ते, फक्त माणसाचे नाहीत, ताऱ्याचे. सीपी १९१९ हा पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचा ठोका देणारा तारा, जगात सापडलेला पहिला, १९६७ साली केंब्रिजच्या जॉस्लिन बेलला सापडला, दर १.३३ सेकंदाला एक ठोका. ते ठोके एकाखाली एक मांडलेला आलेख कुणाच्या तरी पीएचडीच्या प्रबंधात होता, तिथून खगोलशास्त्राच्या कोशात गेला, कोशातून बँडमधल्या एकाने उचलला आणि पीटर सॅव्हिल नावाच्या डिझायनरने काळ्यावर पांढरा करून टाकला. आपण माळशेज चढून नारायणगावला जातो ना, तिथे खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्याही हेच पल्सार ऐकत बसतात. हे सांगितल्यावर भाच्याला पहिल्यांदा इंटरेस्ट आला. बँडमध्ये नाही, टी-शर्टमध्ये.

मग त्याने चूक केली. विचारलं, "मामा, पंक, न्यू वेव्ह, ऑल्टरनेटिव्ह हे रॉकचे प्रकार सगळे एकच ना?" ताई म्हणाली, "झालं, आता चार वाजेपर्यंत उठत नाही हा."

खरं सांगायचं तर मला हा इतिहास सुलटा सांगताच येत नाही, कारण माझ्यापर्यंत तो आलाच उलटा. १९९१ ला स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं, आमच्या बिल्डिंगच्या केबलवाल्याने ते कुठल्या तरी मुंग्या येणाऱ्या चॅनलवर टाकलं, आणि मी सातवी-आठवीत असताना शाळेच्या जिममध्ये वाजवणाऱ्या केस विस्कटलेल्या पोरांचा, निर्वाणा नावाच्या बँडचा, तो व्हिडिओ बघितला. म्हणजे माझी सुरुवात शेवटापासून. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम सप्टेंबर १९९१ चा, जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं, आणि ज्याला तोपर्यंत ऑल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी म्हणत होते तेच एका रात्रीत मुख्य होऊन बसलं. पर्यायी कशाला, हा प्रश्न तेव्हापासून कुणी विचारत नाही. प्रायोगिक नाटकाचा शिवाजी मंदिरला हाउसफुल बोर्ड लागला की त्याला काय म्हणायचं, तसंच काहीसं.

बरं, त्याच बँडचा आधीचा अल्बम साधारण ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड झाला होता. सहाशे! आणि त्यांचा गायक कर्ट कोबेनने नंतर स्वतःच कबूल केलं की त्या व्हिडिओतलं ते प्रसिद्ध गाणं करताना मी पिक्सीजची नक्कल मारत होतो. पिक्सीज म्हणजे बॉस्टनचा बँड, त्यांची युक्ती अशी की कडवं अगदी दबक्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत, आणि ध्रुवपद आलं की अंगावर धावून यायचं. ऐकून बघा दोन्ही शेजारीशेजारी, नक्कल म्हणावी तर जमलेली नाही, कोबेनचा गळाच वेगळा, चाल जास्त गोड. म्हणजे नक्कल फसली आणि जे निघालं ते करोडोंनी विकलं गेलं.

हे एकदा डोक्यात बसलं ना, की मागे मागे जाताना मला सगळीकडे हेच दिसायला लागलं. फसलेल्या नकला.

पिक्सीजच्या मागे ऐंशीच्या दशकातली अमेरिका, तिथे मोठ्या कंपन्यांना या पोरांशी काही देणंघेणं नव्हतं त्यामुळे सगळं घरगुती. वॉशिंग्टनमध्ये इयान मकाय आणि मित्रांनी १९८० ला डिस्कॉर्ड नावाचं लेबल काढलं, रेकॉर्डची कव्हरं स्वतः कापून, दुमडून, खळ लावून चिकटवायचे, आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील करतो तसं. व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव, रात्री कुणाच्या तरी हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं, आणि गाणी वाजायची ती कॉलेजांच्या रेडिओवर. आर.ई.एम. तिथूनच वर आले. या लोकांना इंग्लंडच्या पंकसारखं, म्हणजे चिडून, वेगात वाजवणारं, व्हायचं होतं, पण इंग्लंडचा तो संताप यांच्याकडे कुठून येणार, मग एकतर ते दुप्पट जोरात वाजवायला लागले, ते हार्डकोर, नाहीतर हळूच साठच्या दशकातल्या किणकिणत्या गिटारीकडे वळले.

न्यू वेव्हबद्दल मी जरा कुचकट बोलतो, चालवून घ्या. शब्द मुळात बराचसा सेल्समनचा आहे. न्यूयॉर्कच्या साइअर रेकॉर्ड्सचे सीमोर स्टाइन, त्यांच्याकडे रामोन्स होते, टॉकिंग हेड्स होते, आणि पंक म्हटलं की रेडिओवाले फोन ठेवून द्यायचे, मग हे पंक नाही हो, ही नवी लाट आहे, असं सांगून माल खपवायचा. माल मात्र अस्सल. टॉकिंग हेड्सनी फेला कुटीचं आफ्रिकन संगीत ऐकलं आणि तसं करायला गेले, जमलं नाही अर्थातच, ते कुणालाच जमत नाही, पण १९८० चा ‘रिमेन इन लाइट’ निघाला. द पोलिस तर सरळ तोतये. ड्रमर आधी प्रोग-रॉक म्हणजे लांबलचक, किचकट गाण्यांच्या बँडमध्ये, गिटारवाला पस्तिशीचा, वाजवायला तिघेही नको इतके तयार, आणि तिघांचे ते सोनेरी केस पंक म्हणून नाही तर च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले! पंक होता येईना म्हणून जमैकाचा रेगे मिसळला आणि स्टेडियमं भरवली. हे लोक १९८० च्या मार्चमध्ये मुंबईत वाजवून गेलेत बरं का, टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या मंडळाने धर्मादाय कार्यक्रम म्हणून बोलावलं होतं. मी तेव्हा पाळण्यात. अजून राग आहे.

आणि त्या सगळ्याच्या मागे, म्हणजे माझ्या उलट्या वाटेच्या टोकाला, रामोन्स. कॉलेजमध्ये एका मित्राने कॅसेट दिली, मी प्लेअरला लावली आणि दोन मिनिटांत काढून बघितली, वाटलं मोटर फास्ट फिरतेय. १९७६ चा पहिला अल्बम, १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. तेव्हाच्या मोठ्या बँडचं एक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं, सोलोवर सोलो, आणि हे चौघे क्वीन्सचे, कातडी जाकिटं, फाटक्या जीन्स, वन टू थ्री फोर आणि सुटले. वाजवायचे सीबीजीबी नावाच्या न्यूयॉर्कच्या एका कळकट बारमध्ये, ज्याचं नाव मुळात कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजसाठी ठेवलेलं होतं. साधारण त्याच काळात आपल्याकडे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकवाले जमायला लागले होते, पंखे घरघरणारे, खुर्च्या मोडक्या, खाली रहदारी. मला ही दोन ठिकाणं एकाच गल्लीतली वाटतात. मोठं थिएटर देत नाहीत ना, मग जो हॉल मिळेल तो.

आता गिटारीचं थोडं, कारण भाच्याला हेच आवडलं. पंकमध्ये जी कॉर्ड सगळीकडे चालते तिला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि ती म्हणजे फक्त सा आणि प. बस. तानपुऱ्यात असतात तेच दोघे. गंधार काढून टाकलेला, त्यामुळे शुद्ध का कोमल, आनंदी का दुःखी, हा प्रश्नच मिटला. वर डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवला, की गंधार तसाही गढूळ वाजतो आणि सा-प मात्र भिंतीसारखे उभे राहतात. दोन बोटं, एकच आकार, तो मानेवर वरखाली सरकवायचा. आमच्यासारख्या ठोंब्यांना दुसरं काय हवं होतं.

आम्ही काढला होता बँड, १९९७ ला. नाव सांगत नाही. मित्राच्या काकांचा वागळे इस्टेटला गाळा होता, सुट्टीच्या दिवशी तिथे जॅमिंग, दोन लेथच्या मधल्या जागेत, कूलंटच्या वासात, अँपवर हात ठेवला की बारीक शॉक. ड्रमर चेंदणीचा, ड्रम कधी शिकलेला नाही, पण ताशा असा वाजवायचा की विसर्जनाला त्याच्यासाठी पथकं भांडायची. रामोन्सचा सरळसोट ठोका त्याच्या हातात बसायचाच नाही, मध्येच ताशाची तर्री यायची. आम्ही त्याला शिव्या घालायचो, अरे सरळ वाजव, सरळ. आज वाटतं शिव्या घालायला नको होत्या. त्या गाळ्यातली एक टेप आहे माझ्याकडे, ती ऐकण्यासारखी असेल तर फक्त त्या तर्रीमुळे आहे.

आमचा एकुलता एक जाहीर कार्यक्रम सोसायटीच्या गणपतीत, फॅन्सी ड्रेस आणि भावगीतांच्या मध्ये. रामोन्सचं ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ सुरू केलं. दुसऱ्या ओळीला सेक्रेटरी काका पुढच्या रांगेतून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत, धोतर सावरत, हात हलवत निघाले, आणि ते स्टेजच्या पायरीवर पोचेपर्यंत गाणं संपलेलं होतं. सव्वादोन मिनिटांचं गाणं, काय बंद करणार. ते तसेच उभे राहिले, मग माइक घेऊन म्हणाले, "यानंतर सौ. जोशी."

जॉय डिव्हिजन मला यानंतर सापडले, दोन हजारनंतर, सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन. तोवर सगळं ऐकून झालेलं, आणि मग कळलं की गाठ इथे आहे. ४ जून १९७६, मँचेस्टरचा लेसर फ्री ट्रेड हॉल, लंडनचा पंक बँड सेक्स पिस्टल्स, तिकीट ५० पेन्स, माणसं जेमतेम चाळीसेक. बोलावणारे दोघे नंतरच्या बझकॉक्स बँडमधले. प्रेक्षकांत नंतर जॉय डिव्हिजन काढणारे बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक, द स्मिथ्सचा मॉरिसी, द फॉलचा मार्क स्मिथ. आता त्या कार्यक्रमाला मी होतो म्हणणारे हजारो आहेत, आपल्याकडे २०११ च्या फायनलला वानखेडेत होतो म्हणणारे असतात तसेच. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पिस्टल्सनी त्यांना काय शिकवलं म्हणाल तर वाजवायला नाही, हे तर आपल्यालाही येईल, एवढंच.

आणि मग तीन वर्षांनी त्यांचा अल्बम आला तो पिस्टल्ससारखा अजिबात नाही. हुक आणि सम्नरला तसाच हवा होता, जोरात, घाम सुटेल असा. निर्माता मार्टिन हॅनेटने प्रत्येक ड्रम वेगळा काढून, मध्ये भरपूर मोकळी जागा आणि एको सोडून तो थंडगार करून ठेवला. दोघे नाराज होते. म्हणजे इथेही तेच, हवं होतं एक, झालं भलतंच, आणि आज नौपाड्यात आईच्या ताटापर्यंत पोचलं. मे १९८० मध्ये त्यांचा गायक इयान कर्टिस गेला, २३ वर्षांचा होता, उरलेल्यांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं, गिटार थोडी बाजूला, ड्रम मशीन पुढे, १९८३ ला ‘ब्लू मंडे’. कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं, कापाकापी इतकी की दर कॉपीमागे कंपनीला तोटा व्हायचा असं कंपनीवालेच सांगायचे.

मी हे सगळं सांगून थांबलो तेव्हा आमटी गार झाली होती. भाचा म्हणाला, "पण मामा, ते यू-टू तर आमच्या इथे डी. वाय. पाटीलला आले होते ना?" आले होते, १५ डिसेंबर २०१९, मी ठाण्याहून नेरूळ लोकलने गेलो होतो. तेही त्याच १९७६ चे, डब्लिनमधल्या शाळेत चौदा वर्षांच्या लॅरी मलनने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली, बँड काढायचाय. ऐन कार्यक्रमात, एवढा मोठा पडदा, एवढे लाइट, शेवटी रहमान आले स्टेजवर, आणि मला सारखा तो गाळा आठवत होता. शेजारचा मुलगा पूर्णवेळ व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी दाखवत होता.

जेवण झाल्यावर भाच्याने माझे हेडफोन लावून ‘अननोन प्लेझर्स’ची दोन गाणी ऐकली. पहिल्याला मान हलवली. दुसऱ्याला म्हणाला, "डिप्रेसिंग आहे यार," आणि पुढे ऐकत राहिला. माळ्यावरची गिटार काढून दिली, तारा गंजलेल्या, सा-प कुठे ठेवायचे ते दाखवलं. एका तारेने बोट कापलं. ताई माझ्यावर ओरडली.

परवा त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. नवा काळा टी-शर्ट, रामोन्सचा, मधोमध पंख पसरलेला गरुड, गोल शिक्का. खाली लिहिलंय, "१८० ला. हा पण बँड आहे ना, कन्फर्म कर." आईने फोन हातात घेऊन लांब धरला, नीट बघितला आणि म्हणाली, "हा बरा आहे. सरकारी दिसतो."