क्रोक पॅट्रिकची वारी: चढण, फेऱ्या आणि उतार

आयर्लंडच्या मेयो परगण्यातला क्रोक पॅट्रिक हा डोंगर ७६४ मीटरचा. आकडा लहान वाटतो, पण मरिस्क गावातली पायवाट जवळपास समुद्राच्या पातळीवरूनच सुटते, त्यामुळे सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. चढायला साधारण दोन तास, उतरायला दीड. जुलैच्या शेवटच्या रविवारी 'रीक संडे'ला ('रीक' हे या डोंगराचं स्थानिक नाव) हजारो वारकरी येतात. काही अनवाणी चढतात. मी मात्र घोटा झाकणाऱ्या बुटांचा आग्रह धरेन. काठीही हवीच, ती पायथ्याशी मिळते.

खिंडीपर्यंत ओढ्याच्या बाजूने दगडगोट्यांची चढण. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि वरच्या सुळक्याला दम उरत नाही. खिंडीत अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो. घामाने भिजलेला सुती सदरा तिथे हुडहुडी भरवतो, म्हणून वारा अडवणारं जाकीट पिशवीत वरच ठेवावं.

सुळक्याच्या पायथ्याशी पहिलं स्थानक, म्हणजे फेरे आणि प्रार्थनेचा थांबा, लाख्त बेनॉइन. दगडांच्या ढिगाला ७ फेरे, ७ वेळा 'हे आमच्या स्वर्गातील बापा', ७ वेळा 'नमो मारिया' या प्रार्थना, एकदा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली. फेरे सूर्याच्या दिशेने, आपल्या प्रदक्षिणेसारखेच उजवीकडून.

पुढे क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या सुट्या दगडांचा घसारा. अलीकडे इथे जागचेच दगड रचून पायऱ्या केल्या आहेत. त्या सोडून कडेने गेलं की दगड सुटतो आणि खालच्याच्या अंगावर जातो. दगड सुटलाच तर ओरडून सांगायचं.

माथ्यावर दुसरं स्थानक: १९०५ साली बांधलेलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याने इथे ४० दिवस उपास केला, अशी श्रद्धा आहे. गुडघे टेकून प्रार्थना, चॅपलला १५ फेरे, मग 'पॅट्रिकची शेज' म्हणतात त्या जागेला ७. क्लू उपसागरातली बेटं बघून, फोटो काढून लोक इथूनच परत फिरतात. तिसरं स्थानक, रेलिग वीरा, पश्चिमेच्या उतारावर आहे. तिथल्या तीन ढिगांना प्रत्येकी ७ फेरे आणि शेवटी सगळ्या आवाराला ७. त्यासाठी उतरून पुन्हा चढावं लागतं, म्हणून ते सुटतं. माझ्या मते त्याशिवाय वारी अपुरीच; तेवढी ताकद आधीच राखून ठेवावी.

पाय मुरगळतात ते उतरताना, कारण मांड्या थकलेल्या असतात आणि टाच घसाऱ्यावर सरकते. गुडघे किंचित वाकवून, आडवं होत, काठी आधी खाली टेकवून मगच पाऊल टाकावं. पाणी निम्मं तरी या उतारासाठी शिल्लक ठेवावं.