गरीला काय लावू?

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून भाचरं आली की आमच्याकडे कणीक दोन जागी मळली जाते. एक स्वयंपाकघरात, चपात्यांसाठी. दुसरी मागच्या पडवीत, माशांसाठी, म्हणजे गरीला (गळाला) आमिष म्हणून. मुलांचा जीव अर्थातच दुसरीवर. तिच्यात कोणी हळद घालतं, कोणी चिमूटभर साखर ढकलतं, कोणी डब्यातला सुका जवळा चुरून टाकतं. जवळा पडायच्या आधी थोडी कणीक मुलांच्याच पोटात जाते, त्याला इलाज नाही.

मालवणजवळची आमची देवबागची पट्टी तशी चिंचोळी. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्लीची खाडी, मधे माड, घरं आणि हल्ली पर्यटकांच्या गाड्या. मुलांना घेऊन गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जायचं तर खाडीची बाजू बरी. तिथे लाटा नाहीत, तळ रेती-चिखलाचा आणि बूच कुठे आहे ते मुलाला दिसतं. बूच म्हणजे जुन्या हवाई चपलेचा कापलेला तुकडा. दुकानातले रंगीत फ्लोट आणून पाहिले, पण ‘माझं माझं’ करून भांडण होतं. चपलेच्या तुकड्यासाठी कोणी भांडत नाही.

या मोहिमेत अडचण मुलांची नसते, मामालोकांची असते. मुंबईचा मामा वर्षभर फोनवर गरीचे व्हिडिओ बघून आलेला असतो. त्याच्या डोक्यात मोठे मासे: तांबोसा, गोबरा, जमलंच तर खजुरा. तो जिवंत सुंगटं (कोळंबी) मागतो, जाड तंगूस (गरीची नायलॉन दोरी) मागतो, रात्रीची वेळ मागतो. मुलाला यातलं काहीही नको असतं. त्याला चपलेचा तुकडा डुबलेला बघायचाय, तोही आत्ता. बोटभर मासा आला तरी चालेल, नाही आला आणि नुसतं आमिष खाऊन गेला तरीही चालेल, ‘खाल्लं! खाल्लं!’ म्हणून ओरडायला मिळालं की अर्धा तास सहज निघतो. म्हणून माझ्या हिशोबात आमिष निवडताना आधी मुलाचा हात बघायचा, मग माशाचं तोंड. मुलाला स्वतःचं स्वतः लावता आलं पाहिजे, पाण्यात पडल्यावर ते टिकलं पाहिजे आणि खाडीत जे बारीक मासे भरपूर आहेत त्यांना ते आवडलं पाहिजे. मामाचा तांबोसा या यादीत बसत नाही.

पहिल्या कसोटीला कणकेच्या पुढे कोणी नाही. ती वळवळत नाही, रक्त नाही, वास नाही. चार वर्षांचं पोरही गोळी वळून गरीच्या टोकाला चिकटवतं. फक्त चपातीसारखी मऊ मळली तर पाण्यात पडल्या पडल्या विरघळते, त्यामुळे पाणी कमी घालून घट्ट मळायची आणि मळताना थोडा कापूस पिंजून मिसळायचा. कापसाचे धागे गोळीला धरून ठेवतात. शेजारच्या आबांचा कापूस देवघरातल्या वातींचा असतो. त्याबद्दल त्यांच्या घरातून काय ऐकू येतं ते इथे लिहीत नाही. गोळी वाटाण्याएवढी पुरे. मुलांचा हात मात्र सढळ. लिंबाएवढा गोळा लावतात आणि मासे भोवतीने टोचून टोचून तो फस्त करतात, गरीला तोंड न लावता.

कणकेवर येतात ते मुख्यतः बोय आणि काळुंदर. बोय भारी चलाख. तोंड मऊ, चावा हलका, बूच जेमतेम थरथरतं. मुलांना ती थरथर कळत नाही आणि कळेपर्यंत गोळी गेलेली असते. शिवाय बोय मधेच पाण्याबाहेर उड्या मारते, मग सगळ्यांचं लक्ष तिकडे. काळुंदर त्या मानाने मुलांचा मासा. चपटा, तळहाताएवढा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. शेवाळ आणि पाणवनस्पती खाणारा असल्यामुळे पिठाचं त्याला वावडं नाही. केरळात यालाच करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्यांनी त्याला राज्याच्या माशाचा मान दिला. आमच्याकडे त्याला कोणी मान देत नाही, तवा देतात.

काळुंदराचं तोंड एवढंसं. इथे गरीचा नंबर बघावा लागतो आणि तो उलटा चालतो: आकडा मोठा तशी गरी लहान. आठ ते बारा नंबरची गरी मुलांना योग्य. दुकानदार मोठ्या माणसाला पाहिलं की सवयीने मोठी गरी काढतो, तेव्हा कोणासाठी हवी ते आधीच सांगावं. घरी आणल्यावर गरीचा आतला उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. मासे थोडे जास्त निसटतात, पण ती कुणाच्या बोटात घुसली तर सरळ मागे निघते, आणि लहान मासा पाण्यात सोडायचा असेल तर त्याचेही हाल होत नाहीत.

अमेरिकेतही मुलांची सुरुवात अशाच माशांपासून करतात. तिकडच्या तळ्यांत ब्लूगिल नावाचा चपटा, लहान तोंडाचा मासा असतो, कढईत मावेल एवढा. त्याला गांडुळाचा तुकडा, पावाची गोळी, मक्याचा दाणा, काहीही चालतं. ब्लूगिलचा नर तळाशी घरटं करून अंडी राखत बसतो. आमच्या काळुंदरात आई-बाप दोघंही राखण करतात. उथळ पाण्यात काळ्या ठिपक्यांचा ढग हलताना दिसला आणि बाजूला दोन मोठे मासे घिरट्या घालताना दिसले, तर ती त्यांची पोरं. तिथे गरी टाकायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. राखणीचा मासा जवळ आलेल्या कशावरही धावून जातो, त्यामुळे तो चटकन लागतो. म्हणूनच त्याला धरू नये. मुलांना हे एकदा सांगितलं की तीच मामावर पहारा ठेवतात.

दुसरं आमिष सुंगटाचं. खाडीतल्या बहुतेक माशांना ते आवडतं. नखाएवढा तुकडा, कवचासकट, कारण कवच असलं की तो गरीवर घट्ट बसतो. रेतीच्या तळावर मुडदुशे याच्यावर छान येतात, आणि मुडदुशाचा चावा एवढा स्पष्ट की सहा वर्षांच्या मुलीलाही हाताला कळतो. अडचण भावाची. मी वाटीभर सुंगटं घेऊन निघालो की आबा पडवीतून विचारतात, “सुंगटां पोरांच्या गरीक कित्याक? ती आमी खावया.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून मी बाजारातून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणतो, किंवा सुंगटं सोलली की त्यांची डोकी बाजूला ठेवतो. डोक्यांना वास जास्त आणि माशाला पाण्यातून आधी वासच पोचतो. गरीवर मात्र डोकं टिकत नाही. ते कणकेत कुसकरून घालायचं.

गांडुळाबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. शहरातली मुलं आधी किंचाळतात आणि दुसऱ्या दिवशी खिशात घालून फिरतात. मोठ्यांचं तसं नाही. ज्याला आयुष्यात गांडूळ धरवलं नाही त्याला चाळिशीतही धरवत नाही. मे महिन्यात ती मिळणं कठीण. जमीन तापलेली असते, ती खोल गेलेली असतात. न्हाणीचं पाणी जिथे सोडलंय तिथे, केळीच्या बुडाशी, नाहीतर माडाच्या ओल्या आळ्यात उकरलं तर सापडतात. ती शोधण्यातच मुलांची सकाळ जाते आणि तेवढा वेळ घरात शांतता असते, हाही त्यांचा एक उपयोग. गोड्या पाण्यात, वहाळात नाहीतर गावच्या तळ्यात, गांडुळाला तोड नाही. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतं आणि पांढरट, लुळं पडतं, तरी मासे खातात. खाडीच्या चिखलात मिळणारे केसाळ किडे जास्त चालतात हे खरं, पण त्यांतले काही चावतात, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

उतावळ्या मुलांसाठी माझी पसंती माकुलाला (स्क्विडला). त्याच्या पातळ पट्ट्या कापून मिठात ठेवल्या की चिवट होतात. एकदा गरीत ओवली की मासे कितीही ओढोत, पट्टी तिथेच. दर दोन मिनिटांनी ‘मामा, संपलं’ ऐकायचं नसेल तर यासारखा उपाय नाही. काळुंदर मात्र त्याच्याकडे फारसं बघत नाही.

या सगळ्या आमिषांवर न बोलावता येतो तो शेंगटी. मिशा असलेला, गुळगुळीत, आणि मुलांना अगदी गोंडस वाटणारा. पाठीवरचा एक आणि बाजूच्या परांचे दोन, असे तीन काटे ताठ उभे करतो. त्यांना विष असतं. टोचला तर हात ठणकतो, मोठा माणूसही कळवळतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते, तरी डॉक्टरला दाखवावंच. तेव्हा शेंगटी आला की मुलांनी मागे व्हायचं आणि मोठ्याने पक्कड घ्यायची. मागे उभं राहून ऐकायला एक गोष्ट मी राखून ठेवलीय: या माशाचा नर पिल्लं निघेपर्यंत अंडी तोंडात धरून फिरतो आणि तेवढे दिवस काही खात नाही. “मग आपल्याला सापडला तो कुठला?” भाचीचा प्रश्न. ज्याच्या तोंडात अंडी नाहीत तो, असं सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं नाही.

आमिष कितीही चांगलं असो, पाणी उभं असेल तर मासे जागचे हलत नाहीत. पाणी चढायला लागलं की तेही सरकतात. त्याची वेळ काढायला आबा फोन बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात: चौथ म्हणजे तीनला पूर्ण भरती, अष्टमी म्हणजे सहाला. थोडं मागेपुढे होतं, पण मुलांना नेण्याइतकं ते पुरेसं असतं. त्यांच्या पिढीला पाऊणकीचा पाढा पाठ होता, माझ्या भाच्यांना फोनमधलं गणकयंत्र लागतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, ओढ जबर, तंगसाला बांधलेलं शिसं जाग्यावर राहत नाही आणि सगळ्यांच्या तंगसांचा एकच गुंता होतो. अष्टमीच्या सुमाराचं भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं, पाणी मुलांना सोपं. भरतीच्या आधी दोन तास जावं आणि पूर्ण भरती झाली की उठावं. कालवं चिकटलेल्या दगडांवर अनवाणी कोणी चालायचं नाही, धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसायचं नाही, आणि मामाने फोन खिशात ठेवायचा.

मिळालेल्या माशांचं काय करायचं हे वारावर ठरतं. सोमवारी आमच्याकडे मासे आणता येतात, खाता येत नाहीत. मग ते आबांकडे जातात, कारण आबांचा वार गुरुवार. गुरुवारी उलट फेरी होते. दोन्ही घरांना चालणाऱ्या दिवशी काळुंदरांना हळद-मीठ-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकतात, आणि माझा काळुंदर कुठला यावरून जेवणं लांबतात. बोटभर आलेले मात्र तिथल्या तिथे सोडायचे. त्याला मुलांची ना नसते, फक्त आधी फोटो काढावा लागतो.

दोन-तीन दिवस झाले की मुलांचा माझ्या आमिषांवरचा विश्वास उडतो आणि त्यांचे प्रयोग सुरू होतात. इन्स्टंट नूडल लावून झाली. ती बोयींनी आनंदाने खाल्ली, गरी सोडून. काजूचं बोंड लावलं, ते नुसतं तरंगत राहिलं. यंदा पाळी फणसाची होती. धाकटीने जेवणातला गरा वाचवून ठेवला, त्याच्या चौकोनी फोडी केल्या आणि दुपारभर गरीला लावून बसली. एकाही माशाने हुंगलं नाही. मी म्हटलं, बाय, फणस राहू दे, कणीक घे. तिने ऐकून घेतलं आणि मग मला कारण समजावलं: फणस कापा होता, त्याला वास कमी. गरीवर राहतो चांगला, पण माशांना कळत नाही की काही आलंय. पुढच्या मे महिन्यात बरका घ्यायचा, आणि तो गळून पडू नये म्हणून कापूस आबांकडून मागायचा.