रिपोर्टखालची सही

रक्ताचा रिपोर्ट आला की नजर ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. खालची सही कोणाची, हे क्वचितच कोणी बघतं.

ती सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच सांगितलं आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका) झालेला टेक्निशियन नमुना घेतो, मशीन चालवतो. रिपोर्टवर एकट्याने सही करू शकत नाही. पण म्हणून त्याचं शिक्षण दुय्यम नाही, कारण बऱ्याच चुका डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं, तर जांभळ्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं आणि कॅल्शियम कोसळतं. पोटॅशियम 9, कॅल्शियम 4, आणि पेशंट बाहेर चहा पितोय! शिकलेला टेक्निशियन इथे थांबतो, नुसता बटणं दाबणारा प्रिंट काढतो. निळ्या नळीत 0.3 मिली सायट्रेटला (हेही रक्त गोठू देत नाही) 2.7 मिली रक्त लागतं. नळी अर्धीच भरली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खोटाच वाढतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा डोस विनाकारण कमी होतो. साध्या नळीतली साखर पेशी खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. कलेक्शन सेंटरवरून नमुना तीन-चार तासांनी पोचला की उपाशीपोटीची 130 ची साखर 105 च्या आसपास दिसते आणि मधुमेह सुटून जातो.

आता प्रामाणिकपणाचं. कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायचा उत्तर माहीत असलेला नमुना, सरासरीपासून 3 एसडीबाहेर (एसडी म्हणजे प्रमाण विचलन) गेला, किंवा सलग दोनदा एकाच बाजूला 2 एसडीबाहेर, तर रिपोर्ट थांबवायचे आणि कारण शोधायचं. आकडा 'बसेपर्यंत' कंट्रोल पुन्हा लावणं ही सर्वांत न दिसणारी लबाडी. तिच्यापुढचं पाऊल म्हणजे सिंक टेस्ट: नमुना बेसिनमध्ये, आकडे मनाचे. पेशंट पाठवल्याबद्दल लॅबकडून मिळणाऱ्या डॉक्टरांच्या 'कट'ला डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत बंदी आहे. तरी तो देणाऱ्या लॅबला पैसे कुठून तरी वाचवावे लागतात, आणि ते बहुधा रिएजंट (चाचणीची रसायनं) आणि कंट्रोलमधून वाचतात.

एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा शिक्का ऐच्छिक असतो आणि ठरावीक चाचण्यांपुरताच. आपली चाचणी त्या यादीत आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर दिसतं. सहीखालचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आणि तीच स्कॅन केलेली सही एकाच दिवशी तीन गावांतल्या रिपोर्टवर असेल, तर 'डॉक्टर लॅबमध्ये किती वाजता बसतात?' एवढंच काउंटरवर विचारा.