एका गळ्याचं वृंदगान

आयर्लंडच्या एन्याची गाणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की मागे एखादं चर्चमधलं वृंद गातंय. प्रत्यक्षात तिथे दुसरं कुणीच नसतं. वरचे सूर, मधले, खर्जातले, सगळे तीच पुन्हा पुन्हा गाते आणि ते एकावर एक चढवले जातात. आणि एवढ्या खपाच्या या गायिकेने आजवर स्वतःची एकही कॉन्सर्ट टूर केलेली नाही. लोक हे तिच्या लाजाळू स्वभावावर ढकलतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं तिच्या रेकॉर्डिंगच्या पद्धतीत आहे.

आधी घर. आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल परगण्यात ग्वीडोर नावाचा आयरिश बोलणारा भाग आहे. तिथे 17 मे 1961 रोजी तिचा जन्म झाला, नऊ भावंडांत सहावी. वडील लिओ ब्रेनन यांचा नाचगाण्याचा बँड होता. 1968 मध्ये त्यांनी मीनालेक गावात पब काढला, लिओज टॅव्हर्न. आई संगीतशिक्षिका. आईचं टोपणनाव मात्र ‘बाबा’, त्यामुळे मराठी वाचकाची जरा गंमत होते! एन्याचं पूर्ण नाव आयरिशमध्ये आयथ्ना नी व्रीनॉन असं काहीसं होतं. डोनेगॉलच्या बोलीत ‘आयथ्ना’चा उच्चारच ‘एन्या’ होतो, तोच पुढे इंग्रजी वळणाने लिहिला गेला. आडनावातलं ‘नी’ म्हणजे मुलगी. भावाच्या आडनावात त्या जागी ‘ओ’ येतो आणि पुढचा ‘ब’ तसाच राहतो, मुलीच्या आडनावात तो ‘व’ होतो. जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या आडनावांची का दिसतात, ते यामुळे.

या घराचा बँड म्हणजे क्लॅनड. मॉया, किरन आणि पोल ही तीन भावंडं, आणि आईचे जुळे भाऊ नोएल व पॉड्रिग डगन. मामा थोरल्या भाचीपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे, त्यामुळे मामा-भाच्यांचा हा बँड वयाने एकाच पिढीचा होता. नावाचा उगम ‘डोरचं कुटुंब’ या अर्थाच्या आयरिश शब्दांत आहे; डोर हा ग्वीडोरचाच भाग. 1980 मध्ये धाकटी एन्या कीबोर्ड आणि साथीच्या आवाजासाठी त्यांच्यात आली. बँडची व्यवस्था आणि साउंड निकी रायन बघत. 1982 मध्ये त्यांचं आणि बँडचं फाटलं, तेव्हा एन्या भावंडांबरोबर न राहता निकी आणि त्यांची पत्नी रोमा यांच्याबरोबर डब्लिनच्या आर्टेन भागात राहायला गेली. त्याच वर्षी क्लॅनडचं एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. त्यातही आवाजांचे थरच होते! घर सुटलं, पण कान एकच.

रायन यांच्या घरच्या बागेत स्टुडिओ उभा राहिला, नाव एगल, म्हणजे फ्रेंचमध्ये गरुड. कामाची वाटणी तेव्हापासून तीच आहे: चाल आणि गाणं एन्याचं, शब्द रोमाचे, संगीतसंयोजन आणि निर्मिती निकींची.

आता थरांचं गणित. समजा टेपचं यंत्र सोळा ट्रॅकचं आहे, म्हणजे एकाच टेपवर सोळा आवाज वेगवेगळे उतरवता येतात. पहिल्या चौदा ट्रॅकवर चौदा वेळा गायचं आणि त्यांचं मिश्रण करून ते 15 आणि 16 वर डावं-उजवं उतरवायचं. याला बाउन्स करणं म्हणतात. चौदा ट्रॅक पुन्हा मोकळे. आता बारा वेळा गाऊन 13-14 वर, मग दहा वेळा गाऊन 11-12 वर. झाले छत्तीस आवाज, आणि वाद्यांसाठी दहा ट्रॅक शिल्लक. ऐकायला सोपं आहे. पण बाउन्स झाल्यावर आतला एखादा आवाज बेसूर निघाला तर तो बाहेर काढता येत नाही, सगळी चवड पुन्हा गावी लागते. शिवाय मिश्रण पुन्हा पुन्हा उतरवत गेलं की प्रत्येक नव्या प्रतीत टेपची सरसर वाढते आणि वरच्या सुरांची धार बोथट होते. ‘एंजेलीस’ या 1991 च्या गाण्यात सुमारे 500 थर असल्याचं सांगितलं जातं. एका थराला गाणं, ऐकणं, टेप मागे नेणं मिळून पाचच मिनिटं धरली, तरी चाळीस तासांच्या वर जातात.

मग एकदाच गाऊन त्याच्या प्रती का काढत नाहीत? कारण तंतोतंत सारख्या दोन प्रती एकत्र केल्या की आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा आठवा. दोन्ही एकाच सुरात असतात, तरी त्यांच्यातल्या केसभर फरकानेच तो सूर जिवंत वाटतो. दर वेळी नव्याने गायलं की सूर, वेळ आणि श्वास यांत असाच बारीक फरक पडतो. फरक जास्त झाला की मात्र गढूळपणा येतो, म्हणून आवाज सरळ ठेवावा लागतो, कंप जवळजवळ नकोच. सर्वांत जास्त त्रास ‘स’ आणि ‘ट’चा. चाळीस थरांतले ‘स’ मागेपुढे पडले की कढईत काही तळल्यासारखं ऐकू येतं. असे थर रचणाऱ्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे व्यंजन एक-दोन थरांतच स्पष्ट म्हणायचं आणि बाकीच्यांत ते गिळून फक्त स्वर ठेवायचा. स्वरांनी भरलेली भाषा इथे सोयीची, आणि एन्या इंग्रजीशिवाय आयरिश आणि लॅटिनमध्येही गाते. 2005 च्या ‘अमारांटाइन’ अल्बमसाठी तर रोमाने लॉक्सियन ही भाषाच रचली.

1988 चा ‘वॉटरमार्क’ घरी कच्चा तयार झाला आणि पक्का झाला लंडनच्या ओरिनोको स्टुडिओत, डिजिटल यंत्रावर. डिजिटलमध्ये उतरवताना सरसर वाढत नाही, हा मोठा फायदा. ‘ओरिनोको फ्लो’ या गाण्याचं नाव नदीइतकंच त्या स्टुडिओवरूनही आलंय. त्यातला टपटपणारा तंतुवाद्याचा आवाज व्हायोलिनवाल्यांचा नाही. रोलंड डी-50 या सिंथेसायझरमध्ये तयारच मिळणारा तो आवाज आहे, त्याचं नाव पिझ्झागोगो. गाणं ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

हे मंचावर कसं न्यायचं? खरं वृंद उभं केलं तर शंभर माणसांचे शंभर पोत येतात, मूळची एकाच गळ्याची झाक जाते. थर टेपवरून वाजवले, तर तिला वरचा एकच सूर धरून उभं राहावं लागेल. तरी 2002 च्या ऑस्कर समारंभात तिने नामांकन मिळालेलं ‘मे इट बी’ सादर केलं. त्या गाण्यात एकट्या आवाजाला पुरेशी जागा आहे, म्हणून ते जमण्यासारखं होतं.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको. डावे-उजवे थर तिथे जवळजवळ एका जागी येतात आणि सगळं लापशीसारखं होतं. हेडफोन लावा, ‘एंजेलीस’ सुरू करा आणि शब्दांकडे लक्ष न देता एखाद्या ओळीचा शेवट पकडा. आवाज एकदम थांबत नाही, वेगवेगळ्या दिशांना एकेक करून सुटत जातो.