आठळी नेमकी कोणाची? उन्हाळी फळांच्या छेदांची नोंद

यंदाच्या हंगामात फळांचे छेद घेताना एकच प्रश्न समोर ठेवला आहे: फळातील कठीण भाग फळाच्या भिंतीचा आहे की बीचा? मृदुफळ आणि अश्मगर्भी फळ यांतील भेद यावरच ठरतो. फुलातील किंजपुटाच्या, म्हणजे ज्या भागाचे पुढे फळ होते त्याच्या, भिंतीपासून जे फलावरण बनते, त्याचा सर्वांत आतला थर टणक झाला तर फळ अश्मगर्भी. तो मऊ किंवा पापुद्र्यासारखा राहिला तर, बी कितीही कठीण असली तरी, मृदुफळ. चव आणि आकार यांना येथे काहीही किंमत नाही. म्हणूनच कपिलतीर्थ मंडईतील वांगे, टोमॅटो आणि मिरची ही तिन्ही मृदुफळे ठरतात.

पन्हाळ्याकडून येणाऱ्या करवंदांचा निकाल लगेच लागला, कारण त्यांच्या बिया गरातच रुतलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती वेगळे कवच नसते. हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या बोरांच्या आठळ्या मात्र हातोडीने फोडाव्या लागल्या. आत बहुधा दोन कप्पे दिसतात आणि त्यांत चपटी, तपकिरी, पातळ सालीची बी असते. म्हणजे आपण ज्याला बोराची बी समजतो, तो फळाच्याच भिंतीचा आतला थर आहे.

आंब्याच्या बाबतीत हा थर घडताना पाहता येतो आणि माझ्या मते नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी. कोवळ्या कैरीची कोय सुरीने सहज चिरली जाते. पुढे ती लाकडासारखी होते, आणि तिच्यावरील धागे थेट गरात शिरलेले असतात. लोणच्याच्या फोडीला चिकटून येणारा टणक तुकडा हाच फलावरणाचा सर्वांत आतला थर, म्हणजे अंतःस्तर होय. कोयीच्या आत सुटी असते ती खरी बी.

याउलट चिकूची काळी, चकचकीत बी कितीही कठीण असली तरी तिच्या कडेवर लांबट फिकट व्रण असतो. बी फळाला जेथे जोडलेली होती, त्याची ती खूण. फळाच्या भिंतीवर असा व्रण असू शकत नाही. खारीकही याच न्यायाने मृदुफळ आहे: तिची बी कापली असता सर्वत्र घट्ट अन्नसाठाच दिसतो, बोराप्रमाणे कवच आणि आतील मऊ बी अशी विभागणी आढळत नाही.

जोसेफ गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1788 पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फळे आणि बिया कापून त्यांच्या अंतर्रचनेची चित्रे दिली होती. बाह्य रूपावर विसंबण्यापेक्षा ब्लेड आणि भिंग हाती घेण्याची शिस्त आजही तीच आहे.

जांभळाची बी ब्लेडने आडवी कापता येते. पातळ सालीखाली थेट जाड बीजपत्रे लागतात, म्हणून त्याची नोंद मृदुफळांत केली आहे. राधानगरीकडील आळू हे रानफळ (भाजीचा अळू नव्हे) मिळाल्यावर त्याचाही आडवा छेद घ्यायचा आहे, कारण ते अश्मगर्भी असूनही त्यात एकाऐवजी अनेक आठळ्या असतात.