‘आम्ही माणसे आहोत’

रविवार, रात्र

आज ‘शिन सेकाई योरी’ या जपानी ॲनिमे (सचेतपट) मालिकेचा पंचविसावा, म्हणजे शेवटचा भाग दुसऱ्यांदा पाहिला. त्याविषयी आजच लिहून ठेवावे असे वाटते, कारण पहिल्या वेळी मी जे पाहिले आणि आज जे पाहिले त्यात फार मोठे अंतर आहे. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे सगळे उघड करूनच लिहावे लागणार आहे.

ॲनिमे मालिकांच्या अखेरच्या भागांत खलनायकाविषयी एखादे रहस्य उघडण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्याने माझी अनेकदा निराशा केली आहे. सर्वांत जास्त निराशा ‘नारुतो शिप्पूदेन’ने केली. पाचशे भागांच्या त्या मालिकेत मदारा या खलनायकाचे नाव आधी दंतकथेसारखे ऐकू येते, मग मुखवट्याआडचा माणूस तेच नाव वापरतो, मग खरा मदारा युद्धात उतरतो. इतकी वर्षे रचत आणलेला हा माणूस विजयाच्या उंबरठ्यावर असताना त्याचाच साथीदार काळा झेत्सू पाठीमागून त्याच्या छातीत हात घालतो आणि त्याच्या देहातून कागुया नावाची प्राचीन देवी अवतरते. झेत्सूचा विश्वासघात मला पटला, कारण तो सुरुवातीपासून कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता आणि पाणी तिथेच मुरत होते. कागुयाचे तसे नाही. तिचे नाव आपण नुकतेच कुठे ऐकलेले असते, आणि आधीच्या सगळ्या दुःखांशी तिचा जोडलेला संबंध बादरायण वाटतो. बांबूच्या पेरात सापडलेल्या आणि शेवटी चंद्रावर परत गेलेल्या कागुयाची कथा जपानी मुलांना लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला त्या नावाचे वजन वेगळे वाटत असेल. तरीही मदाराने जे प्रश्न उभे केले होते त्यांची उत्तरे कागुयाशी लढून मिळत नाहीत, हा माझा आक्षेप कायम आहे.

‘शिन सेकाई योरी’मध्ये नवे कोणी येत नाही. युसुके किशी यांच्या 2008 च्या कादंबरीवरून केलेली ही पंचवीस भागांची मालिका सप्टेंबर 2012 ते मार्च 2013 या काळात जपानी दूरचित्रवाणीवर आली. हजार वर्षांनंतरच्या जपानमध्ये माणसांना मनोबलाने वस्तू हलवण्याची, पेटवण्याची शक्ती आलेली आहे, आणि त्यांची सेवा करायला बाकेनेझुमी नावाचे, सुरकुतलेल्या कातडीचे, उंदरासारखे बोलके प्राणी आहेत. ते माणसांना ‘कामीसामा’, म्हणजे देव म्हणतात. त्यांच्यातला स्क्वीलर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा नायिका साकी बारा वर्षांची असते. मग ती चौदा वर्षांची होते, सव्वीस वर्षांची होते, आणि तिच्याबरोबर स्क्वीलरही एका लहानशा वसाहतीच्या गोडबोल्या दूतापासून बंडाच्या सूत्रधारापर्यंत पोहोचतो. तो स्वतःच्या राणीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून तिला केवळ पिल्ले देणारे शरीर करून टाकतो. साकीच्या जिवलग मैत्रिणीचे, मारियाचे मूल तो आपल्यांत वाढवतो आणि पुढे त्याच मुलाला माणसांवर सोडतो. या कृत्यांना मालिका कुठेही माफी देत नाही, आणि ते मला महत्त्वाचे वाटते.

माणसांनी एकमेकांना मारू नये म्हणून पूर्वजांनी त्यांच्या रक्तातच एक बंधन घालून ठेवलेले असते: मनोबलाने स्वजातीयाचा जीव घेतला तर घेणाऱ्याचाही जीव जातो. मारियाचे मूल मात्र माणसांना बेधडक मारते, म्हणून सगळे त्याला राक्षस समजतात. बाकेनेझुमींमध्ये वाढलेले ते मूल त्यांनाच आपली जात मानते, एवढी साधी गोष्ट साकीच्या लक्षात येते, आणि किरोमारू हा बाकेनेझुमींचा सेनापती मरण पत्करून त्या मुलाच्या हातून मारला जातो तेव्हा ते मूलही कोसळते. पहिल्या वेळी मला हाच शेवट वाटला होता. ‘आपला कोण’ हा प्रश्न इथे एकदा विचारून झाला होता, आणि तोच लवकरच माझ्याकडेही वळणार आहे याची मला काहीच कल्पना नव्हती.

मग स्क्वीलरवर खटला चालतो. तू पशू नाहीस तर कोण आहेस, असे त्याला विचारले जाते, आणि तो ओरडून सांगतो की आम्ही माणसे आहोत. क्षणभर सभा गप्प होते आणि मग सगळे लोक हसू लागतात. तो क्षण मी आज तीनदा मागे नेऊन पाहिला. पहिल्या वेळी मी हसले नव्हते, पण हरलेल्या खलनायकाचे हे शेवटचे भाषण आहे असे समजून ते कानाआड केले होते. त्या सभेत मीही बसलेली होते, एवढे आज स्पष्ट दिसले.

साकीचा लहानपणापासूनचा मित्र सातोरू पुढे तिला सांगतो ते अगदी थोडक्यात आणि कोरडेपणाने सांगतो. ज्याच्यापासून बाकेनेझुमी झाले असे सगळे मानतात त्या नेकेड मोल रॅट या बिनकेसांच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या तीस जोड्या असतात, बाकेनेझुमींमध्ये मात्र तेवीस आहेत, माणसाइतक्याच. ज्यांच्याकडे शक्ती नव्हती त्या माणसांना शक्तिमानांनी पशूंचे रूप दिले, कारण ते माणसांसारखे दिसत राहिले असते तर त्यांना मारताना रक्तातले बंधन आड आले असते. म्हणजे स्क्वीलरने खटल्यात सांगितले होते ते शब्दशः खरे होते. त्याने केलेल्या कृत्यांतले एकही या खुलाशाने बदलत नाही. साकीने आणि तिच्या मित्रांनी लहानपणापासून निर्धास्तपणे जाळलेल्या, चिरडलेल्या बाकेनेझुमींची संख्या मात्र अचानक माणसांची संख्या होते, आणि ती मोजायची कुठून हे कळेनासे होते.

शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवलेले रहस्य असे असेल तर मला ते उशिरा आले असे वाटत नाही. हे पहिल्याच भागात सांगितले असते तर स्क्वीलर मला सुरुवातीपासून पीडितांचा नेता दिसला असता आणि माझी सहानुभूती फार स्वस्तात त्याच्याकडे गेली असती. त्याचा तिरस्कार करायला मला चोवीस भाग मिळाले, म्हणूनच ते तेवीस जोड्यांचे वाक्य इतके खोल गेले.

प्रत्येक पेशी दुखावत आणि त्याच वेळी बरी करत त्याला अनंत काळ यातनेत जिवंत ठेवायची शिक्षा होते. साकी शेवटी त्याला ठेवलेल्या जागी जाते आणि स्वतःच्या शक्तीने त्याला मारून त्या यातनेतून त्याची सुटका करते. ती त्याला क्षमा करते का, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि मालिकेने ते माझ्यासाठी ठरवून दिले नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे.

झोपण्याआधी स्क्वीलरच्या पहिल्या भेटीचा प्रसंग पुन्हा लावला. दमलेली, घाबरलेली मुले, आणि समोर अदबीने वाकलेला, चोख भाषेत बोलणारा तो. मागच्या वेळी मला ती अदब लाळघोटेपणाची वाटली होती आणि साकीने त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे मनात आले होते. आज मी फक्त त्याचा आवाज ऐकत होते. त्याने ‘कामीसामा’ म्हटले तिथे चित्र थांबवले आणि बराच वेळ तसेच राहू दिले.